परसबागेचा वर्धापनदिन उन्हाळ्यात हवा

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले आसगाव चौरास पट्ट्यात येते. जमीन सपाट, मुख्य पीक धान, आणि ज्याच्या विहिरीला किंवा बोअरला पाणी आहे त्याच्या बांधीत उन्हाळ्यातही धानच. अशा गावात बायकांचा परसबागेचा गट उभा राहिला, त्याने एक पावसाळा आणि एक हिवाळा काढला, की बैठकीत वर्धापनदिनाचा विषय निघतोच. या कामात असलेल्यांना त्या बैठकीचा क्रम पाठ असतो. आधी तारीख, मग मंडप आणि माइक, मग पाहुणे कोण, शाल-श्रीफळे किती, बॅनरवर फोटो कोणाकोणाचे आणि जेवणात काय. बागेचा विषय सर्वांत शेवटी येतो, तोही पाहुण्यांना कोणाची सांदवाडी, म्हणजे परसबाग, दाखवायची एवढ्यापुरता. तारीख बहुधा जानेवारीतली निघते. धान घरात आलेले असते, हवा चांगली असते, हळदीकुंकवाचे दिवस असतात आणि प्रत्येक वाफा हिरवा असतो. यात कोणालाच काही खटकत नाही. मला खटकते. या पट्ट्यातल्या गटांच्या कामात राहून, आणि जानेवारीत पाहिलेल्या बागा उन्हाळ्यात पुन्हा पाहून, माझे मत असे होत गेले आहे की परसबागेच्या गटाने आपला वर्धापनदिन एप्रिलच्या अखेरीस करावा, फार तर मेच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे बाग सर्वांत वाईट दिसते तेव्हा. हे ऐकून लोक हसतात. हसणाऱ्यांचे मुद्देही बिनबुडाचे नसतात, म्हणून ते घेऊनच बोलले पाहिजे.

जानेवारीत चौरास भागात बाग फुलवायला फारसे काही करावे लागत नाही. वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख. धान निघाल्यावरही जमिनीत ओल असते, रात्री थंड असतात, विहिरी भरलेल्या असतात. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), मुळा, वांगी, टमाटर, वालाच्या शेंगा हे सगळे थोड्या मेहनतीत येते. ज्या घराने वाफ्याकडे आठ दिवस पाहिले नाही त्याचाही वाफा हिरवाच दिसतो. फेब्रुवारी सरला की चित्र पालटते. उन्हाळी धानाचे पंप दिवसरात्र चालू झाले की उथळ विहिरीचे पाणी खाली जाते. रब्बी निघाल्यावर गुरे मोकाट सुटतात आणि तुराट्यांचे कुंपण त्यांच्यापुढे टिकत नाही. माकडांना हिरवे दिसेल तिथे ती उतरतात. एप्रिलअखेर जे उरते ते मोजके असते: मुनगा, कढीपत्ता, लिंबाचे झाड, न्हाणीच्या पाण्यावर तगलेली कोचई आणि पपई, कुठे तोंडल्याचा वेल. पण हे जिथे उरले तिथे का उरले आणि शेजारच्या घरी का उरले नाही, याचे उत्तर प्रत्येक वेळी माणसांच्या एखाद्या निर्णयात सापडते. कोणी न्हाणीचे पाणी चर काढून वाफ्यात वळवले, कोणी काटेरी फांद्यांचे कुंपण वेळेत घातले, कोणी वांग्यांना दुपारची सावली मिळेल अशी तूर आधीच लावून ठेवली. जानेवारीतली बाग हवामान कसे होते ते सांगते. गट कसा आहे हे मेमधली बाग सांगते. वर्धापनदिन गटाचा असतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जाहीर केलेल्या आहार मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाजी खावी. पाच माणसांच्या घराला म्हणजे रोज दोन किलोच्या आसपास. जानेवारीत एवढी भाजी आठवडी बाजारातही स्वस्तात मिळते. त्या दिवसांत परसबागेने घराचे वाचवलेले पैसे खरे तर थोडेच असतात, आणि अहवालात ती बचत मोठी करून लिहिली जाते हे या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक आहे. भाजी महाग होते ती मेपासून. जूनच्या अखेरीस रोवणी सुरू झाली की बाई सकाळी चिखलात उतरते ती संध्याकाळीच घरी येते. बाजाराला जायला तिला वेळ नसतो, आणि ताटात भात व पातळ वरण एवढेच राहते. पावसाच्या सरी आल्यावर तरोट्यासारख्या रानभाज्या थोडी भर घालतात, पण पोळ्यापर्यंतचा काळ भाजीच्या दृष्टीने तुटीचाच. परसबागेची खरी गरज याच काळात असते, आणि या काळासाठी काय लावायचे, किती लावायचे, पाणी कुठून आणायचे हे ठरवायची शेवटची वेळ एप्रिल-मे हीच आहे. जानेवारीत भरलेल्या ताटापुढे बसून जुलैच्या रिकाम्या ताटाचा विचार होत नाही. तो व्हावा असे कितीही वाटले तरी होत नाही.

मग जानेवारीची प्रथा आली कुठून? माझ्या मते ती फुलांच्या प्रदर्शनांवरून आली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये 26 जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. ते भरवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 सालची आहे. गुलाब, शेवंती, डेलिया यांचा बहर तेव्हा असतो, परीक्षक फिरतात, चषक मिळतात. त्या प्रदर्शनाचे कामच उत्तम नमुना दाखवणे हे आहे, त्यामुळे त्याने बहराचा दिवस निवडणे योग्यच. लंडनचे चेल्सी येथील प्रदर्शन 1913 पासून मे महिन्यात भरते ते याच न्यायाने. त्यांच्या हवेत फुलांचा मे आपल्या जानेवारीसारखा. पण कुटुंबाला भाजी पुरवायला सुरू झालेला गट ही प्रदर्शनाची संस्था नव्हे. आपण तिथला मंडप उचलला, रिबन उचलली, उत्कृष्ट बागेचे बक्षीस उचलले आणि त्यासोबत त्यांची तारीखही उचलली. उलट, ज्यांचे पोट बागेवर आहे अशा लोकांनी आपला वार्षिक मेळा कधी ठेवला हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ 1960 पासून काम करतो. त्याचे वार्षिक अधिवेशन साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीस पुण्यात होते. त्या वेळी वेलींवर विकण्याजोगा एकही घड नसतो. पण फळछाटणी तोंडावर आलेली असते, आणि छाटणी कधी, कोणत्या काडीवर, औषधे कोणती हे ठरवायचे असते. निर्णयाच्या आधी भेटायचे, पीक हातात आल्यावर नव्हे, ही रीत त्यांच्या धंद्याला मानवली. याच द्राक्षपट्ट्यात गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराची पद्धत रुजवली. प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर प्रयोग करायचा, निष्कर्ष इतरांना कळवायचा, फसलेला प्रयोगही कळवायचा. अशा पद्धतीत हारतुऱ्यांना जागा कमी आणि वहीला जास्त असते.

आता सर्वांत वाजवी हरकत घेऊ. नवीन बाई गटात येते ती हिरवे पाहून. भेगाळलेला वाफा दाखवून कोणी जोडले जात नाही. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी हिरवी बाग दाखवूच नका असे म्हणत नाही. ती दाखवायला आपल्याकडे वर्धापनदिनाहून चांगली जागा आधीपासून आहे. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाच्या गावागावांत मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, घरोघरी पाहुणे, दिवसा दंडार किंवा खडी गंमत, रात्री झाडीपट्टीचे नाटक. माहेरवाशिणी येतात, सोयरे येतात, बाजार लागतो. परसबागेच्या गटाने त्या बाजारात एक चादर अंथरून वाल, वांगी, मुळा आणि मुनग्याची रोपे मांडली तर जेवढे लोक पाहतील तेवढे मंडपातल्या कार्यक्रमाला कधीच येणार नाहीत, आणि खर्च शून्य. वर जी भाजी नेली ती विकून येईल. कोणाला रोपे हवी, कोणाला बियाणे हवे याची नावे तिथेच वहीत उतरवता येतात. हिरवेपणाची जाहिरात मंडईत करावी आणि वर्धापनदिन त्यापासून मोकळा ठेवावा, एवढेच माझे म्हणणे.

दुसरी हरकत बायकांकडूनच येते, आणि ती मला अधिक विचार करायला लावते. वर्षातून एक दिवस नवी साडी नेसून, घरचे काम बाजूला ठेवून बसायला मिळते. त्यातही तुम्ही हिशेब घालता, तोही उन्हाळ्याच्या तडाख्यात. शिवाय मे म्हणजे लग्नसराई, जंगलालगतच्या गावांत तेंदूपाने तोडायचा हंगाम, आणि चौरासात उन्हाळी धान कापणीला येण्याचे दिवस. हे सगळे खरे आहे. म्हणूनच तारीख मेच्या मध्याला नको, त्याच्या अलीकडे हवी, आणि वेळ सकाळी नको, ऊन उतरल्यावरची हवी. तेंदू तोडणाऱ्या बायका पहाटे जाऊन दुपारपर्यंत परततात, त्यांनाही संध्याकाळच सोयीची. आनंदाचे म्हणाल तर तो जेवणात असतो, आणि माझा आग्रह असा की जेवण बागेतलेच असावे. एप्रिलच्या अखेरीस बागेतले जेवण म्हणजे मुनग्याच्या शेंगा, वाळवून ठेवलेल्या वांग्याच्या चकत्यांची भाजी, लाखोळीच्या वड्या, वाळलेल्या अंबाडीची आंबट चटणी, कच्च्या पपईची भाजी, कैरीचे पन्हे. यातला प्रत्येक पदार्थ कोणीतरी दोन-चार महिन्यांपूर्वी विचार करून राखून ठेवलेला असतो. जानेवारीच्या जेवणावळीत वांग्याची भाजी कोणीही करील. उन्हाळ्यात वीस बायकांच्या पंगतीला पुरेल एवढे गटाच्या घरांतून निघत असेल तर त्या गटाने वर्षभर काम केले आहे, आणि हे सांगायला अहवालवाचनाची गरज उरत नाही. केटरर बोलावून पनीरची भाजी करणाऱ्या परसबाग-गटांबद्दल मी जास्त बोलत नाही.

तारखेपेक्षाही नाजूक प्रश्न वेगळा आहे. ज्या बाईची बाग वाळली तिला चारचौघांत उभे करायचे का? वाळते ती बहुधा गरिबाचीच. जिच्या अंगणात बोअर आहे तिची बाग उन्हाळ्यातही हिरवी, आणि जिला सार्वजनिक नळावरून डोक्यावर पाणी आणावे लागते तिची करपलेली. अशा स्थितीत मेमध्ये बागा पाहत फिरणे म्हणजे गरिबीचे प्रदर्शन होईल, अशी भीती कार्यकर्त्यांना वाटते, आणि ती रास्त आहे. पण जानेवारीचा कार्यक्रम हा अन्याय टाळत नाही, तो फक्त झाकतो. उत्कृष्ट परसबागेचे बक्षीस वर्षानुवर्षे पाणीवाल्या, मोठ्या सांदवाडीच्या दोन-तीन घरांत फिरते, आणि मिळवणारी बाई मेहनती असली तरी बक्षीस मुळात बोअरला मिळालेले असते. म्हणून हे बक्षीस बंद करावे असे मला ठामपणे वाटते. आणि वाळलेल्या बागांची नोंद घेताना वहीत बाईचे नाव नको, कारण हवे. पाणी तुटले, गुरे शिरली, माकडे उतरली, कडक ऊन लागले, रोपेच उशिरा मिळाली. कोणत्या कारणाने किती वाफे गेले हे एका पानावर आले की दिसते की जवळजवळ एकही कारण एकट्या घराच्या हातातले नाही. गुरांचा प्रश्न ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्याशी जोडलेला आहे. पाण्याचा प्रश्न नळाच्या वेळांशी जोडलेला आहे, आणि न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात सोडायचे की वाफ्यात या निर्णयाशी. (सांडपाण्याच्या व्यवस्थेत दोन्ही बसते, पण घरासमोर शोषखड्डा खणून मोकळे होणे सोपे असते आणि मोजणीलाही बरे पडते.) रोपे उशिरा मिळाली याचा अर्थ गटाची स्वतःची रोपवाटिका नाही. अशी कारणे पुढे आली की करपलेल्या वाफ्याची लाज एकटीच्या डोक्यावर राहत नाही. ज्यांना अंगणच नाही, भिंतीला भिंत लागलेली आहे, अशा भूमिहीन बायकांचा विचारही याच वेळी होऊ शकतो: शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारातल्या मोकळ्या जागेवर त्यांचे वाफे पावसाळ्याआधी आखता येतात. जानेवारीत हा विषय निघाला तर पुढच्या पावसापर्यंत सगळे विसरून जातात.

उन्हाळ्याच्या बाजूने माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा बियाण्याचा आहे. एप्रिलअखेर हिवाळी भाज्यांचे बी वाळून तयार झालेले असते: वांगी, टमाटर, सांबार, मेथी, वाल. दोडका, लवकी, भेंडी, बरबटी, काकडी यांचे बी आदल्या हंगामापासून राखेत किंवा चुलीवरच्या पोटलीत राखून ठेवलेले असते. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते, म्हणजे हातात जेमतेम महिना असतो. या वेळी उगवण तपासणे हे अगदी साधे काम आहे. प्रत्येक जातीच्या 100 बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, ओल टिकवायची आणि आठवड्याने मोजायच्या. सत्तरच्या वर कोंब आले तर बी पेरायला चालते. त्याहून कमी आले तर दाट पेरायचे किंवा दुसरीकडून आणायचे. ही गोणपाटे वर्धापनदिनाच्या आठ दिवस आधी बांधून ठेवावीत आणि त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर उघडावीत. दीपप्रज्वलनापेक्षा हे पाहायला गर्दी जास्त होईल याबद्दल मला शंका नाही. मग वाटप. बियाणे बँकांची जुनी रीत म्हणजे घेतले त्याच्या दुप्पट परत. वहीत ते लिहून ठेवायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात तपासायचे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला तो गावठी बियाणे जपण्याच्या अशाच कामासाठी, आणि त्यांच्या कामाची सुरुवातही परसातल्या बियांपासूनच झाली. एक सावधगिरी मात्र हवी. दुकानातून आणलेल्या संकरित वांग्याचे किंवा टमाटरचे बी धरले तर पुढच्या वर्षी झाडे सरमिसळ निघतात, म्हणून वाटपाच्या वहीत बी गावठी की संकरित याचा रकाना असावा. चौरासच्या धान उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून एचएमटी धान काढले, ते बी नीट पाहण्याच्या सवयीतूनच.

उरला पाहुण्यांचा प्रश्न. अधिकारी, सरपंच, पंचायत समितीचे लोक नकोत असे म्हणणारा मी नाही. गटाला त्यांची गरज असते, आणि त्यांनी बोलावल्याशिवाय यावे अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. पण जानेवारीत आलेला पाहुणा हिरवी बाग पाहतो, शाल घेतो आणि सगळे छान चालले आहे असे समजून जातो. त्याने काही द्यावे असे त्याला तिथे काही दिसतच नाही. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याला तुटलेले कुंपण दिसते, नळापुढची रांग दिसते, आणि कारणांचे ते पान त्याच्या हातात देता येते. फोटोला हिरवे मागे हवे असेल तर मुनग्याखाली उभे करावे. एक अडचण खरी आहे: काही गटांचा स्थापनेचा दिवस अमुकच असतो, आणि तो मोडणे अशुभ वाटते. पण बहुतेक गटांची नोंदणी मार्चअखेर किंवा सप्टेंबरच्या पोषण महिन्यात एखाद्या मोहिमेच्या उद्दिष्टासाठी झालेली असते. ज्या तारखेला आपण कागदावर अंगठे उठवले ती तारीख पूजनीय मानण्याचे कारण नाही. पुरणपोळी करायचीच असेल तर त्या दिवशी घरोघरी करावी.

राज्यातल्या ग्रामपंचायतींत 1 मे रोजी ग्रामसभा होते. वर्धापनदिन त्याच्या आधीच्या रविवारी झाला तर कारणांचे पान आठवड्याच्या आत ग्रामसभेपुढे जाऊ शकते, आणि कोंडवाडा, नळाची वेळ, अंगणवाडीची जागा हे तीन विषय गावासमोर उघडपणे मांडता येतात. आसगावात असो की पवनी-लाखांदूरच्या आणखी कोणत्या गावात, ज्या गटांनी यंदाचा कार्यक्रम जानेवारीत ठरवला असेल त्यांनी तो मोडू नये. मंडप आणि माइकचे पैसे वाचवून कुंपणाच्या जाळीसाठी ठेवले तरी पुष्कळ झाले. पुढच्या वर्षासाठी मात्र दिवाळीतच ठरवून टाका. ग्रामपंचायतीला या विषयांचे पत्र एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात द्या आणि त्याची पोच घ्या. सभेची सूचना निघून गेल्यावर दिलेला विषय पटलावर येत नाही.